वेडा म्हणून हात झटकू नका

सदर : विचारा की ताईला

या महिन्याच्या पत्रांत आणि ईमेलांत एक शब्द इतक्या वेळा आलाय की मी मोजायचं सोडून दिलं. तो म्हणजे 'वेडा'. सासरे वेडे झालेत, भाऊ वेडा झालाय, तेव्हा सगळेच वेडे झाले होते, तुम्ही वेड्या आहात का (हे मला, रत्नागिरीहून). शब्द एकच पण प्रत्येक पत्रातला माणूस वेगळा आणि दुखणंही वेगळं, आणि मनोरुग्णांच्या वॉर्डात बावीस वर्षं सोशल वर्कर म्हणून काढल्यामुळे तो शब्द असा कुठेही भिरकावलेला दिसला की मला जरा खटकतंच. म्हणून या वेळी सासू-सून, वजन, लग्न सगळं बाजूला ठेवून हीच पत्रं घेतलीयेत. गावांची नावं ठेवलीत, माणसांची काढलीत.

प्रश्न : ताई, माझे सासरे ७१ वर्षांचे, रेल्वेत क्लार्क होते, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस. लॉकडाऊनमध्ये यूट्यूब बघायला लागले आणि आता त्यांचं पक्कं झालंय की लशीतून चिप घातलीय, मोबाईलचे टॉवर त्या चिपला सिग्नल देतात आणि हा सगळा लोकसंख्या कमी करायचा डाव आहे. लस शेवटपर्यंत घेतली नाही. गणपतीत सगळे जमले होते तेव्हा माझ्या पुतण्याने 'आजोबा, ते चिपचं परत सांगा ना' करून त्यांना बोलतं केलं, गुपचूप शूट केलं आणि मागे कॉमेडी म्युझिक लावून रील टाकलं. ते फिरत फिरत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं. आता खाली पोरं त्यांना बघून डोक्यावर अँटेनासारखी बोटं धरतात. तेव्हापासून ते कट्ट्यावर जात नाहीत, दिवसभर खोली आणि मोबाईल. आणि गेल्या महिन्यापासून बीपीची गोळीपण बंद, म्हणे औषधवाले सगळे एकाच माळेचे मणी. चुकतायत तर तेच ना? मग मलाच का अपराधी वाटतंय? आणि करू काय?
(एक सून, डोंबिवली)

उत्तर : अपराधी वाटतंय ते बरोबरच वाटतंय गं. त्यांचं म्हणणं चुकीचं आहे यात वाद नाही, पण त्या रीलमध्ये त्यांच्या म्हणण्यावर कोणी हसलंच नाहीये, लोक हसले ते एका म्हाताऱ्या माणसावर, आणि तेसुद्धा त्याच्याच घरच्याने फसवून बोलतं केल्यावर. आता त्यांच्या बाजूने बघ. ते म्हणत होते की आपल्यावर कोणीतरी लपून नजर ठेवतंय, आपल्या नकळत आपला वापर होतोय, आणि नातवाने नेमकं तेच करून दाखवलं की! त्यांना आणखी पुरावा कशाला हवा?

म्हणून पहिलं काम, रील काढायला लाव आणि पोराला माफी मागायला लाव. 'तुमचं चिपचं बरोबर होतं' असं नाही म्हणायचं त्याने, 'तुमच्या नकळत शूट केलं, चुकलो' एवढंच. हे झाल्याशिवाय पुढचं काही होणार नाही, मी लिहून देते.

आता थोडं मागे जाते, कंटाळू नकोस. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग सापडला, गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला. म्युनिसिपालिटीने रोग्यांना जबरदस्तीने हॉस्पिटलात न्यायचे अधिकार घेतले आणि ऑक्टोबरच्या शेवटी गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेला. कारण काय, तर गावभर बोलबाला होता की आत माणसं मारतात, उलटं टांगून त्यांची 'मोमियाई' काढतात, म्हणजे अंगातलं तेल. पुढे हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाची प्लेगवरची लस आली तेव्हा म्हणत सुई हातभर लांब असते, टोचली की माणूस जागच्या जागी मरतो, नाहीतर पुरुषाचं पुरुषपण जातं आणि बाई वांझ होते. वाचताना ओळखीचं वाटतंय ना? चिप तेवढी नवीन, बाकी माल सगळा जुनाच.

पण ते कामगार काय मूर्ख होते? त्यांना दिसत होतं ते असं की शेजाऱ्याला गाडीत घालून नेतात आणि तो परत येत नाही. रोगच असा होता की बरेचसे मरायचेच, पण ते त्यांना नीट बसून सांगितलं कोणी? पुण्यात पुढच्या वर्षी प्लेगच्या बंदोबस्ताला नेमलेल्या रँडसाहेबाचे सोल्जर घरात घुसले, देवघरापर्यंत गेले, बायकांची तपासणी रस्त्यावर केली, मग लोकांनी सरकारच्या सुईवर विश्वास का ठेवावा? अफवा खोटीच होती, पण ती रुजली ती जमीन खरी होती. आणि त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले स्वतः प्लेगचे रोगी उचलून आपल्या मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात नेत होत्या, त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रोगी तोच, हॉस्पिटलही म्हटलं तर तेच, फरक होता तो नेणारा हात कोणाचा आहे याचा. हाफकिननेही लस आधी स्वतःला टोचून घेतली, १० जानेवारी १८९७ ला, मग दुसऱ्यांना विचारलं.

तेव्हा तुझ्या सासऱ्यांची जमीन कुठली ते शोध. लॉकडाऊनमध्ये त्यांचा कोणी जवळचा गेला का, शेवटचं तोंडही बघायला न मिळता? दवाखान्याच्या बिलावरून काही झालं होतं का? रिटायर झाल्यावर घरात त्यांना शेवटचं कधी काही विचारलं गेलं? मला आपलं राहून राहून वाटतं की यूट्यूबवरचा तो माणूस त्यांच्याशी रोज तासभर बोलतो, घरातलं कोणी दहा मिनिटंही बोलत नसेल. रागावू नकोस, आमच्याकडेही हेच होतं.

चिपवर वाद घालू नकोस. तू जिंकलीस तरी ते हरणार आणि हरलेला माणूस आणखी घट्ट धरून बसतो. एखादा प्रयोग मात्र बरोबर बसून करता येईल. २०२१ च्या जूनमध्ये नाशिकच्या एका गृहस्थांच्या अंगाला लस घेतल्यावर चमचे, नाणी चिकटायला लागली म्हणून टीव्हीवाले धावले होते, आठवतंय? सासऱ्यांकडे तो व्हिडिओ असणारच. त्यांना म्हणावं बाबा, तुम्ही तर लस घेतली नाही, तुमच्या छातीला नाणं चिकटतं का बघू. घाम असेल तर चिकटणार. मग टाल्कम पावडर लावायची आणि परत बघायचं, पडतं. हसतील बघ, आणि तेव्हा तुम्ही सगळे एकत्र हसाल.

आणि बीपीची गोळी, तिथे मात्र थांबायला वेळ नाही. चिपचं तुमचं तुमच्यापाशी बाबा, पण गोळी तुम्ही लस यायच्या आधीपासून घेताय, ती तर जुनीच आहे ना, असं म्हणून बघ. ज्या डॉक्टरवर त्यांचा अजून विश्वास आहे, भले तो गल्लीतला जुना फॅमिली डॉक्टर असो, त्याला घरी चहाला बोलव.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे, पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करत होता. सहा महिन्यांपूर्वी घरी आला तो बदलूनच आला. म्हणतो शेजारच्यांच्या डिशमधून माझे विचार वाचले जातात, बातम्या देणारी बाई माझ्याबद्दल बोलते, आईने केलेलं खात नाही कारण त्यात काहीतरी घालतात. रात्रभर खिडकीशी उभा असतो. कधीकधी कोणी नसताना उत्तरं देतो. गावातली पोरं त्याला 'सीबीआय' म्हणतात आणि मुद्दाम 'आली बघ गाडी' करून पळवतात, लोक हसतात. एक शिकलेला मित्र म्हणाला की तो इंटरनेटवरच्या कॉन्स्पिरसीच्या नादी लागलाय, फोन काढून घ्या, होईल ठीक. मामा म्हणतो बाहेरचं आहे, देवऋषीकडे नेऊ, तो बांधून ठेवून उतरवतो. आई नुसती रडते. मी काय करू?
(एक बहीण, सांगली जिल्हा)

उत्तर : बाळा, हे पत्र मी छापायच्या आधीच तुला ईमेल केलाय, तरी इतरांसाठी लिहिते, कारण असा एक मुलगा प्रत्येक तालुक्यात असतो.

वरचे डोंबिवलीचे आजोबा आणि तुझा भाऊ यांना लोक एकाच नावाने हाक मारतात, पण दोघांत फार फरक आहे. आजोबांच्या डोक्यातला कट सगळ्या जगाविरुद्धचा आहे आणि तो मानणारे त्यांना हजारो सोबती आहेत, एकमेकांना व्हिडिओ पाठवतात, त्यात त्यांना थोडी मजाही येत असते. तुझ्या भावाविरुद्धचा कट फक्त त्याच्या एकट्याविरुद्ध आहे, त्याला सोबती कोणी नाही, मजा तर नाहीच नाही, नुसती भीती. वॉर्डात आमचे जुने डॉक्टर नवीन पोरांना हेच आधी विचारायला शिकवायचे की याचा शत्रू सगळ्यांचा आहे का याच्या एकट्याचा. ही काही मोजपट्टी नाही, निदान डॉक्टरच करणार, पण झोप उडालेली, घरच्या अन्नावर संशय, टीव्ही माझ्याशी बोलतो, कोणी नसताना उत्तरं देतो, हे एवढं सगळं एकत्र आलं की मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचंच, पुढच्या महिन्यात नाही, या आठवड्यात. हा आजार आहे आणि याच्यावर औषधं आहेत. उपचार जेवढे लवकर सुरू होतात तेवढा माणूस जास्त हाती लागतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. फोन काढून घेऊन हे जाणार नाही.

त्याच्याशी वाद घालायचा नाही आणि हो ला हो पण करायचं नाही. 'डिशमधून कोणी ऐकत नाही रे' म्हटलंस तर तूही शत्रूच्या यादीत, आणि 'हो रे, ऐकतात खरं' म्हटलंस तर त्याची भीती दुप्पट. म्हणायचं, मला ते ऐकू येत नाही, पण तुला किती भीती वाटत असेल ते दिसतंय, तू झोपलेला नाहीयेस, झोपेसाठी तरी डॉक्टरला दाखवू. झोप हे बऱ्याचदा चालून जातं, कारण झोप त्यालाही हवीच असते. १४४१६ हा टेलीमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. आधी तूच फोन कर. सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार विभाग कुठल्या दिवशी असतो तेही विचारून घे. आणि तो स्वतःला काही करेन म्हणाला किंवा आवाज त्याला कोणाला मारायला सांगतायत असं म्हणाला तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल.

मामांना माझा नमस्कार सांग आणि सांग की भूत उतरवायच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यातही रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. कायद्याने ऐकले नाहीत तर इरवाडीचं सांग. तमिळनाडूत दर्ग्याच्या गावी असे रुग्ण बरे होण्यासाठी आणून ठेवायचे, ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे एका शेडला आग लागली आणि २८ जण जळून गेले, कारण ते खाटांना साखळीने बांधलेले होते, पळताच आलं नाही. तिथे आणून सोडणारे पण कोणाचे तरी मामा, काका, भाऊच होते, वाईट माणसं नव्हती. देवाला जायचं असेल तर खुशाल जा, आईला बरं वाटेल, पण औषधाची पिशवी बरोबर घेऊन.

आणि त्या पोरांचं. त्यांना सगळ्यांसमोर ओरडू नकोस, ऐन चौकात त्यांना तेच हवं असतं. त्यातला जो म्होरक्या आहे त्याला त्याच्या आईसमोर गाठ आणि सांग की दादा आजारी आहे, तो तुमच्या 'गाडी आली'ला खरंच घाबरून रात्रभर उभा राहतो. बहुतेकांना हे माहीतच नसतं गं. माहीत होऊनही जो करतो त्याचं मग सरपंचांकडे बघता येईल.

प्रश्न : तुम्ही वेड्या आहात का? दर वेळी आमच्याच धर्मातल्या अंधश्रद्धा बऱ्या दिसतात तुम्हाला. बाकीच्यांचं बोलायची हिंमत नाही.
(एक जुना वाचक, रत्नागिरी)

उत्तर : काका, आधी कबुली देते. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला लागले त्या दिवशी मी ड्यूटी संपवून, चप्पल न बदलता, चमचा आणि वाटी घेऊन रांगेत उभी होते. विज्ञान शाखेची मुलगी! माझ्याही चमच्यातलं दूध गेलं आणि अंगावर काटा आला. नंतर कळलं की द्रवाचा पृष्ठताण असतो, दगडाला टेकलं की दूध ओढलं जातं आणि पातळ ओघळ होऊन खाली उतरतं, खाली लादीवर दिसत होतंच, बघायचं कोणाला होतं.

आता बाकीच्यांचं. २००६ च्या ऑगस्टमध्ये माहीमला समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून लोक बाटल्या भरभरून न्यायला लागले, जागा दर्ग्याजवळची पण बाटल्या घेऊन सगळ्या धर्मांचे हजर. पावसाचं आणि मिठी नदीचं पाणी खाडीत येतं, त्यात मिठीत काय काय असतं ते आपल्याला माहितीये, आणि महापालिका पिऊ नका म्हणून ओरडत होती. २०१२ ला विलेपार्ल्याला इर्ल्याच्या चर्चबाहेर क्रुसाच्या पायातून पाणी ठिबकायला लागलं, लोक तीर्थ म्हणून घ्यायला लागले. सनल एडामारुकू नावाचे बुद्धिवादी आले, त्यांनी दाखवलं की जवळचं गटार तुंबलंय आणि ते पाणी भिंतीतून झिरपतंय. बक्षीस काय मिळालं? धार्मिक भावना दुखावल्या म्हणून पोलिसात तक्रारी, शेवटी त्यांना देश सोडून फिनलंडला जावं लागलं. आणि आपल्या दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात ओंकारेश्वराच्या पुलावर गोळ्या घातल्या. झालं सगळ्यांचं बोलून?

मी आमचं जास्त बोलते हे खरंय. आपल्या घरातला केर आधी दिसतो, एवढंच.

प्रश्न : ताई, मी लातूर जिल्ह्यातला, मुसलमान, सध्या पुण्यात आयटीत. इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर आम्ही सहा जण होतो, चार वर्षं एका ताटात जेवलो, माझ्या ईदला हे सगळे गावी यायचे. २०२० च्या एप्रिलमध्ये दिल्लीला निजामुद्दीनच्या मरकजमधल्या तबलिगी जमातीच्या मेळाव्याचं प्रकरण झालं आणि आमच्या ग्रुपवर थुंकण्याचे व्हिडिओ सुरू झाले, 'कोरोना जिहाद', 'तुम्ही लोक'. त्यात सगळ्यात जास्त पोस्ट करणारा माझा रूममेट. मी लिहिलं की हा व्हिडिओ खोटा आहे, तर म्हणाला 'अरे तू नाही रे, तू आपला आहेस'. माझे अब्बा हातगाडीवर फळं विकतात. त्यांना तेव्हा दोन गल्ल्यांत येऊ दिलं नाही, जिथे ते मी जन्मायच्या आधीपासून जातात. एकाने आधार कार्ड मागितलं. मी ग्रुप सोडला, कोणीही फोन केला नाही. आता डिसेंबरला रीयुनियन आहे आणि त्या रूममेटने इतक्या वर्षांनी फोन केला, म्हणाला 'तेव्हा सगळेच वेडे झाले होते यार, सोड ना, ये'. बायको म्हणते जा. अब्बा पण म्हणतात जा. मला कळत नाहीये.
(एक मुलगा, लातूर जिल्हा)

उत्तर : तुझं पत्र मी चार दिवस टेबलावर ठेवून दिलं होतं. कारण सांगते, लाज वाटते तरी सांगते. त्याच एप्रिलमध्ये आमच्या बिल्डिंगखाली एक भाजीवाला आला, नेहमीचा, मला 'मौसी' म्हणायचा. गेटवर कमिटीच्या दोघांनी त्याला नाव विचारलं आणि परत पाठवलं. मी वर गॅलरीत उभी होते. त्याने वर बघितलं. मी आत गेले. हात धुतले आणि चहा टाकला. सदर चालवणारी, लोकांना शहाणपण शिकवणारी बाई! तो परत कधी आलाच नाही, त्याच्या गाडीचं पुढे काय झालं कोण जाणे.

म्हणून तुझ्या मित्राचं ते 'वेडे झाले होते' मला अजिबात चालत नाही, आणि माझ्याबाबतीतही चालत नाही. वर सांगलीचा मुलगा आहे ना, तो आजारी आहे, त्याचा त्याच्या भीतीवर ताबा नाही आणि त्याने कोणाच्या पोटावर पाय दिलेला नाही. मी शुद्धीत होते. तुझा रूममेट शुद्धीत होता, ऑफिसचं काम करत होता, ईएमआय भरत होता, आणि मधल्या वेळात फॉरवर्ड करत होता. आपण द्वेषाला वेड म्हणतो तेव्हा द्वेष करणाऱ्याला फुकटात सोडवतो आणि खरंच आजारी असलेल्याच्या गळ्यात आणखी एक धोंडा बांधतो.

आणि 'तू नाही रे, तू आपला आहेस' हे तर शिवीपेक्षा वाईट. शिवीला उत्तर तरी देता येतं.

त्या व्हिडिओंचं खरं काय निघालं ते नंतर कोणी वाचलंच नाही. पोलिसांवर थुंकणाऱ्या माणसाचा जो व्हिडिओ निजामुद्दीनचा म्हणून फिरवला तो मुंबईतल्या एका कच्च्या कैद्याचा, आधीचा होता. फळांना थुंकी लावणाऱ्या म्हाताऱ्याचा मध्य प्रदेशातला, तोही आधीचाच. सरकारच्या रोजच्या आकड्यांत तबलिगींचा आकडा वेगळा सांगायचे, मग लोकांनी तो रोग त्यांचाच मानला यात नवल काय. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने अहमदनगरला पकडलेल्या २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि निकालात म्हटलं की साथ आली की सरकार बळीचा बकरा शोधतं आणि या लोकांना तसं निवडलेलं दिसतंय. हा निकाल तुझ्या हॉस्टेलच्या ग्रुपवर आला होता का? आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर तरी आला नाही, आणि मी पण टाकला नाही.

त्याच महिन्यातलं अजून एक आठव. १६ एप्रिलच्या रात्री पालघरला गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाने पोलिसांसमोर ठेचून मारले. भागात अफवा होती की पोरं पळवणारे, किडनी काढणारे फिरतायत. म्हणजे बघ, तीच मोमियाई, सव्वाशे वर्षांनी, फक्त तेलाच्या जागी किडनी. आणि ती माणसं गेल्यावर लगेच दुसरी अफवा सुटली की हे मुसलमानांनी केलं, इतकी की गृहमंत्र्यांना पकडलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुसलमान नाही. पहिल्या अफवेने तीन माणसं खाल्ली आणि दुसरी अफवा त्यांच्या सरणावर पोळी भाजायला बसली. त्याच्या दोन वर्षं आधी, १ जुलै २०१८ ला, धुळ्याच्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भर बाजाराच्या दिवशी, पोरं पळवणारे म्हणून मारले. साधू काय, गोसावी काय, हातगाडीवाला काय, बाहेरून आलेला आणि एकटा सापडला की अफवेला जात-धर्म लागत नाही, ती नंतर चिकटवली जाते. राईनपाड्यानंतर इलाज म्हणून व्हॉट्सॲपने काय केलं, तर एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल असं केलं. पाच! माणसाला मारायला पाच जण पुरतात.

भरकटले. रीयुनियनला जायचं का? मित्रांना माणुसकी शिकवणं ही तुझी ड्यूटी नाहीये, तेव्हा 'त्यांना सुधारायला' म्हणून अजिबात जाऊ नकोस. आणि अब्बा म्हणतात म्हणूनही नको, अब्बांच्या पिढीने गल्लीत परत जायला मिळावं म्हणून फार गिळलंय. मला विचारशील तर आधी एक फोन कर. ग्रुपवर नाही, त्या रूममेटला एकट्याला, आणि वादात न शिरता फक्त अब्बांची गोष्ट सांग, कुठल्या गल्ल्या, आधार कार्ड कोणी मागितलं, त्या दिवशी किती फळं फेकून द्यावी लागली. या माणसाने त्यांच्या हातचे आंबे खाल्लेत ना? एवढं सांगून झालं की तू गप्प बस. तो 'अरे पण तेव्हा मीडियाने...' असं सुरू झाला तर तुला उत्तर मिळालं, डिसेंबरचा तो वीकेंड बायको-पोरांना घेऊन गावी जा. आणि समोरून नुसतीच शांतता आली, किंवा रडका आवाज आला, तर विचार कर. तरीही नाही जावंसं वाटलं तरी चालतं. मैत्री परत जोडायचा हक्क तुझा आहे, ती काही किस्तीत भरायची वर्गणी नाही.

मी आमच्या बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये गेल्या रविवारी तो भाजीवाल्याचा विषय काढला. दोघं उठून गेले, एक म्हणाले ताई आता कशाला, आणि एक बाई नंतर जिन्यात भेटून म्हणाल्या की मी पण तेव्हा खिडकीतच होते. पाच वर्षं आम्ही दोघी एकाच जिन्याने चढतोय.

प्रश्न : पु. ना. ओक खुळे होते का हो? आमचे वडील त्यांना फार मानतात, ताजमहाल म्हणजे मुळात तेजोमहालय नावाचं शिवमंदिर वगैरे.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : खुळे वगैरे काही नव्हते, आझाद हिंद सेनेत राहिलेला, हिंडलेला, बोलायला भारी माणूस. पण शब्दांचा कान म्हणजे पुरावा असं समजत, व्हॅटिकन म्हणजे वाटिका म्हणत. अशाने माझं आडनाव पण ग्रीक निघेल. त्यांची ताजमहालची याचिका २००० साली सुप्रीम कोर्टाने उडवून लावली, २०१७ ला पुरातत्त्व खात्याने आग्र्याच्या कोर्टात ही कबरच आहे म्हणून सांगितलं, २०२२ ला बावीस बंद खोल्या उघडा म्हणून कोणीतरी गेलं तर अलाहाबाद हायकोर्टाने त्याला आधी जाऊन नीट अभ्यास कर म्हणून सुनावलं. वडिलांना घेऊन एकदा ताज बघून या, बाहेर पेठा खा. भांडायला प्रवासात भरपूर वेळ मिळतो आणि निदान वेगळ्या खोलीत जाऊन दार लावता येत नाही.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमचे विज्ञानाचे सर म्हणतात चंद्रावर माणूस गेलाच नाही, स्टुडिओत शूटिंग केलं. सगळा वर्ग हो म्हणतो. मी उभं राहून सांगू का?
(एक विद्यार्थिनी, चिपळूण)

उत्तर : उभी राहा, पण सांगू नकोस, विचार. सर, आपल्या चांद्रयान-२ ने वरून अपोलो ११ जिथे उतरलं तिथला फोटो काढलाय, त्यात त्यांच्या यानाचा तिथेच राहिलेला खालचा भाग दिसतो, तो तुम्ही बघितलाय का? इस्रोने काढलाय म्हटल्यावर त्यांना पटकन नाही म्हणता येणार नाही. पुढे विचार की तिकडून आणलेले ३८२ किलो दगड देशोदेशीच्या शास्त्रज्ञांनी तपासलेत, रशियाची तर तेव्हा अमेरिकेशी एवढी चुरस होती, मग त्यांनी खोटं का नाही पकडलं? आवाज एकदम गोड ठेवायचा, हसायचं नाही, आणि कोणाला शूट करू द्यायचं नाही. सर काय म्हणाले ते पुढच्या महिन्यात कळव. प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्याच हातात असतील तर मात्र निकाल लागल्यावर विचार.